सिसिल घराणे: स्टॅमफर्डच्या महापौरापासून इंग्लंडच्या पंतप्रधानापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सिसिल घराणे म्हणजे नेमके कोण?

पहिल्या एलिझाबेथ राणीचा चाळीस वर्षांचा मुख्य कारभारी विल्यम सिसिल, म्हणजेच लॉर्ड बर्ली, त्याचा मुलगा रॉबर्ट आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीनदा पंतप्रधान झालेला लॉर्ड सॅलिसबरी हे या घराण्यातले तीन मोठे पुरुष. सॅलिसबरीनंतर पंतप्रधानपदी आला तो आर्थर बाल्फोर, त्याचा सख्खा भाचा. दादाभाई नौरोजींचे चरित्र वाचणाऱ्याला सॅलिसबरी भेटतो, बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांचे प्रकरण वाचणाऱ्यालाही भेटतो. पण त्याच्यामागे तीनशे वर्षांचे घराणे उभे आहे हे मराठीत फारसे कोणी सांगत नाही. त्यासाठी ही प्रश्नोत्तरे.

हे लोक मुळात सरदार होते का?

नव्हते. पुढे विल्यम सिसिलने वेल्समधल्या जुन्या राजवंशांपर्यंत पोचणारी वंशावळ मोठ्या हौसेने तयार करवली, पण खात्रीने सांगता येते ते एवढेच की त्याचा आजोबा डेव्हिड वेल्सच्या सीमेवरच्या एका मध्यम जमीनदार कुटुंबातला धाकटा मुलगा होता. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडर जिंकला आणि त्याच्या पक्षाच्या वेल्श माणसांना चांगले दिवस आले. डेव्हिडला राजाच्या अंगरक्षक दलात जागा मिळाली. लिंकनशायरमधल्या स्टॅमफर्ड गावात तो स्थायिक झाला, तिथे तीनदा महापौर झाला आणि त्या गावातर्फे पार्लमेंटातही गेला.

डेव्हिडचा मुलगा रिचर्ड आठव्या हेन्रीच्या खासगीत होता आणि राजाच्या पोशाखखान्याचे काम पाहत होता. काम साधे, पण राजाच्या रोज नजरेसमोर राहण्याचे. हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या, आणि त्यातला बराचसा वाटा रिचर्डच्या पदरात पडला. इंग्लंडमधल्या कितीतरी 'प्राचीन' घराण्यांचा पाया याच मठांच्या जमिनींवर रचलेला आहे. ती घराणी प्राचीन दिसतात कारण ती पुढे टिकली.

विल्यम सिसिल एवढा मोठा कसा झाला?

शिक्षण, लग्न आणि लेखणी या तीन गोष्टींवर. त्याने तलवार गाजवली नाही.

जन्म १५२० चा. पंधराव्या वर्षी तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. तेव्हा तिथे ग्रीक भाषेचे आणि नव्या धर्मविचारांचे वारे वाहत होते. जॉन चीक या नामवंत अध्यापकाच्या बहिणीशी त्याने लग्न केले. चीकच्या आईचे दारूचे दुकान होते, त्यामुळे हे लग्न वडिलांना मुळीच पसंत नव्हते. ती बायको लवकर वारली. दुसरी बायको मिल्ड्रेड कुक ही त्या काळातल्या सर्वांत विद्वान स्त्रियांपैकी एक, ग्रीक सहज वाचणारी. मिल्ड्रेडची बहीण निकोलस बेकनला दिलेली होती, म्हणून तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन हा या घराचा भाचा. नात्यांचे हे जाळे पुढे फार उपयोगी पडले.

सहाव्या एडवर्डच्या काळात तो, बालराजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्या ड्यूक ऑफ सॉमरसेटचा चिटणीस होता. सॉमरसेट पडला तसा सिसिलही काही आठवडे लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगात गेला. सुटून आला आणि वर्षभरात राज्याचा सचिव झाला. १५५३ मध्ये एडवर्डची बहीण मेरी हिला डावलून लेडी जेन ग्रेला गादीवर बसवण्याच्या कागदावर त्याचीही सही होती. ती योजना कोसळली तेव्हा 'आपण फक्त साक्षीदार म्हणून सही केली' असे सांगून तो निभावला. मेरी राणीच्या कॅथलिक राजवटीत तो निमूटपणे प्रार्थनेला जात राहिला आणि त्याच वेळी तरुण एलिझाबेथच्या मालमत्तेची व्यवस्थाही पाहत राहिला. मला यात भित्रेपणा दिसत नाही. ज्या काळात धर्मासाठी माणसे जिवंत जाळली जात होती त्या काळात चार राजवटींतून डोके धडावर ठेवून बाहेर पडणे हीच एक विद्या होती.

२० नोव्हेंबर १५५८ ला हॅटफील्डमध्ये एलिझाबेथने आपल्या पहिल्या बैठकीत त्याला सचिव नेमले. तेव्हापासून ऑगस्ट १५९८ मध्ये मरेपर्यंत तो तिच्याजवळ राहिला. १५७१ मध्ये बॅरन बर्ली आणि १५७२ मध्ये राज्याचा खजिनदार. एलिझाबेथ नवे उमराव करायला नाखूष असे, म्हणून या एका पदवीचे मोल मोठे.

त्याची कामाची पद्धत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. कोणताही प्रश्न आला, मग तो राणीच्या लग्नाचा असो, स्कॉटलंडवर स्वारीचा असो की नेदरलंड्सला मदतीचा, तो कागद घेऊन एका बाजूला अनुकूल मुद्दे आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकूल मुद्दे लिहून काढी. असे त्याच्या हाताचे शेकडो कागद आजही आहेत. उत्तर पेशवाईत सगळा राज्यकारभार नाना फडणवीसांच्या दप्तरातून कसा चालायचा हे ज्यांना माहीत आहे त्यांना बर्ली ओळखीचा वाटेल. म्हातारपणी संधिवाताने त्याला चालवेना. थिओबाल्ड्स या आपल्या महालाच्या बागेत तो एका लहानशा खेचरावर बसून फेरफटका मारी. तशा अवस्थेतले त्याचे एक चित्रही आहे. राज्याचा खजिनदार, अंगात लांब झगा, हातात फुले, आणि खाली खेचर. शेवटच्या दुखण्यात राणीने स्वतःच्या हाताने त्याला भरवले.

पैसा कुठून आला? पगारातून एवढे महाल बांधता येतात का?

पगारातून नाही. या उत्कर्षाचे खरे मर्म इथे आहे.

त्या काळी इंग्लंडमध्ये एक खाते होते, 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स'. राजाकडून विशिष्ट हक्काने जमीन धारण करणारा माणूस मेला आणि वारस अज्ञान असला, तर त्या मुलाचे पालकत्व राजाकडे जाई. जमिनीचा वसूल, मुलाचे शिक्षण आणि मुख्य म्हणजे त्याचे लग्न कोणाशी लावायचे हे सगळे पालकाच्या हातात. राजा ते पालकत्व विकत असे, आणि घेणारा पुष्कळदा नातेवाईकही नसे. मुलाच्या आईला आपल्याच लेकराचा ताबा मिळवण्यासाठी अर्ज करावा लागे, पैसे मोजावे लागत. सिसिल १५६१ मध्ये या खात्याचा प्रमुख झाला आणि मरेपर्यंत राहिला. पुढे ते पद त्याच्या मुलाकडे गेले.

इंग्लंडमधल्या निम्म्याअधिक मोठ्या घराण्यांना कधी ना कधी या माणसाच्या दारात यावे लागले. सरकारी तिजोरीत जाणारी रक्कम एक, आणि मध्यस्थांना, कारकुनांना, स्वतः प्रमुखाला पोचणारी दुसरी. बर्लीने शेवटच्या वर्षांत खासगीत घेतलेल्या अशा रकमांची नोंद सापडलेली आहे. राणीने त्याला नेमताना 'तू कोणत्याही भेटीने भ्रष्ट होणार नाहीस' असा विश्वास बोलून दाखवला होता. राज्याच्या धोरणाबाबत तो खरा ठरला असे मी म्हणेन. या खात्याबाबत नाही.

मोठ्या उमरावांची पोरकी मुले त्याने लंडनच्या स्वतःच्या घरात वाढवली. ऑक्सफर्डचा अर्ल, एसेक्सचा अर्ल, साउदॅम्प्टनचा अर्ल, रटलंडचा अर्ल ही सगळी त्याच्या देखरेखीखाली होती. महापौराच्या नातवाच्या ओसरीवर इंग्लंडचे सर्वांत जुने रक्त लॅटिनचे धडे गिरवत होते. त्यातल्या ऑक्सफर्डशी त्याने आपली मुलगी ॲन हिचे लग्न लावले. लग्न प्रतिष्ठेचे झाले, पण मुलीला सुख लाभले नाही. नवरा उधळ्या आणि संशयी. तिच्या मुलीशी साउदॅम्प्टनने लग्न करावे म्हणून बर्लीने पुढे प्रयत्न केला. तो तरुण अडून बसला आणि जबर दंड भरून मोकळा झाला, असे तेव्हा बोलले जात होते.

स्कॉटलंडच्या मेरीच्या शिरच्छेदात सिसिलचा हात होता का?

होता, आणि तो निर्णायक होता. ही मेरी म्हणजे स्कॉटलंडची पदच्युत राणी, इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारी आणि एलिझाबेथच्या कैदेत असलेली. १ फेब्रुवारी १५८७ ला एलिझाबेथने मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही केली, पण ती पाठवायची की नाही याबद्दल संदिग्ध बोलत राहिली. कागद सचिव विल्यम डेव्हिसनकडे होता. ३ तारखेला बर्लीने मंत्र्यांना आपल्या दालनात बोलावले, सर्वांची संमती घेतली आणि राणीला न सांगता आज्ञापत्र रवाना केले. ८ तारखेला फॉदरिंगे गढीत मेरीचा शिरच्छेद झाला. राणीचा संताप अनावर होता. डेव्हिसन टॉवरमध्ये गेला, दंड झाला, कारकीर्द संपली. बर्लीला काही काळ दर्शनबंदी झाली. मग तो परत आला. जबाबदारी दहा जणांत वाटली म्हणजे एकाचे डोके वाचते हे त्याला पक्के ठाऊक होते. डेव्हिसनला ते उमगले नव्हते.

रॉबर्ट सिसिल वडिलांच्या वशिल्यावर आला का?

आला वशिल्यावर, टिकला स्वतःच्या बुद्धीवर. थोरला भाऊ थॉमस हा सैनिकी वळणाचा, बेताच्या कुवतीचा. बर्लीची सगळी आशा धाकट्यावर होती. रॉबर्ट ठेंगणा, पाठीला बाक असलेला. ज्या दरबारात देखणेपणाला एवढा भाव होता तिथे त्याची रोज टिंगल होई. राणी त्याला खुजा म्हणून हाक मारी, पुढे जेम्स राजा त्याला आपले शिकारी कुत्रे म्हणे. त्याने ते सगळे गिळले.

बर्लीने मुलासाठी लिहून ठेवलेला उपदेश फार बोलका आहे. कोणी तरी मोठा माणूस मित्र ठेव पण क्षुल्लक कामासाठी त्याला त्रास देऊ नको, आणि मुलांना लढाईच्या पेशात घालू नको. उमरावांच्या वर्गात वावरणारा बाप हे सांगतो आहे!

१५९६ मध्ये रॉबर्ट सचिव झाला. प्रतिस्पर्धी एसेक्सचा अर्ल, देखणा, शूर, राणीचा लाडका आणि लहानपणी याच्याच घरी राहिलेला. एसेक्सने १६०१ मध्ये लंडनच्या रस्त्यावर बंड करून स्वतःचा नाश करून घेतला. त्यानंतर रॉबर्टने स्कॉटलंडचा राजा जेम्स याच्याशी गुप्त पत्रव्यवहार सुरू केला. पत्रांत माणसांच्या जागी आकडे असत: जेम्स ३०, एलिझाबेथ २४, सिसिल स्वतः १०. राणीला कळते तर देशद्रोह ठरला असता. मार्च १६०३ मध्ये राणी गेली आणि एक थेंब रक्त न सांडता जेम्स गादीवर आला. इंग्लंडवर रॉबर्टने केलेला हा सर्वांत मोठा उपकार, असे माझे मत आहे. त्याची किंमतही वसूल झाली: १६०३ मध्ये बॅरन, १६०४ मध्ये व्हायकाउंट, १६०५ मध्ये अर्ल ऑफ सॅलिसबरी.

दारूगोळ्याचा कट रॉबर्ट सिसिलनेच रचला असे म्हणतात, ते खरे का?

नाही. १६०५ मध्ये पार्लमेंट उडवण्याचा बेत रॉबर्ट केट्सबी आणि त्याच्या कॅथलिक साथीदारांचा होता. सिसिलने माहिती लागल्यावर लगेच गाजावाजा केला नाही आणि नंतर त्याचा पुरेपूर राजकीय फायदा उठवला, एवढे मात्र खरे.

एक्सेटरचे सिसिल आणि सॅलिसबरीचे सिसिल वेगळे आहेत का?

दोन शाखा, एकच मूळ. थोरल्या थॉमसला स्टॅमफर्डचा बर्ली हाऊस हा महाल मिळाला आणि तो अर्ल ऑफ एक्सेटर झाला. धाकट्या रॉबर्टला थिओबाल्ड्स मिळाले. दोघे भाऊ ४ मे १६०५ या एकाच दिवशी अर्ल झाले. थिओबाल्ड्स जेम्स राजाच्या फार मनात भरले, तेव्हा १६०७ मध्ये रॉबर्टने ते राजाला देऊन बदल्यात हॅटफील्ड घेतले आणि तिथे नवा महाल उठवला. महाल १६११ मध्ये तयार झाला. तिथे नांदणे त्याच्या नशिबी नव्हते. मे १६१२ मध्ये तो वारला.

नंतरची दोनशे वर्षे काय झाले?

विशेष काही नाही. यादवी युद्धात दुसरा अर्ल पार्लमेंटच्या बाजूने राहिला, पुढचे बरेचसे सामान्य निघाले. १७८९ मध्ये सातव्या अर्लला मार्क्वेस ही अर्लच्या वरची पदवी मिळाली. त्याच्या विधवेचा १८३५ मध्ये हॅटफील्डच्या पश्चिम भागाला लागलेल्या आगीत मृत्यू झाला. तेव्हा ती पंचाऐंशी वर्षांची होती. दुसऱ्या मार्क्वेसने गॅस्कॉइन या श्रीमंत घराण्याच्या वारसदार मुलीशी लग्न केले आणि आडनाव झाले गॅस्कॉइन-सिसिल. कर्तृत्व आटले तरी जमीन, पदवी आणि महाल शाबूत राहिले. थोरल्या मुलालाच सगळे देण्याच्या पद्धतीचा हा परिणाम. वाटण्या होत गेल्या असत्या तर तिसऱ्या पिढीत हॅटफील्डचे खोल्याखोल्यांनी भाग पडले असते.

मग पंतप्रधान सॅलिसबरी कुठून उगवला?

तोही धाकटाच मुलगा. जन्म १८३० चा, हॅटफील्डमध्येच. ईटन शाळेत त्याला इतका छळ सोसावा लागला की पंधराव्या वर्षी वडिलांनी काढून घेतले. १८५३ मध्ये तो पार्लमेंटात गेला तो स्टॅमफर्डहून, बिनविरोध. ती जागा एक्सेटर शाखेच्या प्रभावाखाली होती. ज्या गावचा महापौर डेव्हिड सिसिल होता, त्याच गावाने साडेतीनशे वर्षांनी त्याच्या वंशजाला राजकारणात आणले.

१८५७ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध त्याने एका न्यायाधीशाच्या मुलीशी, जॉर्जिना ऑल्डरसनशी लग्न केले. घरून मदत बेताची, म्हणून तो नियतकालिकांत लेख लिहून संसार चालवू लागला. त्या लेखांची धार आजही जाणवते. १८६५ मध्ये थोरला भाऊ वारला, १८६८ मध्ये वडील गेले आणि तो तिसरा मार्क्वेस झाला. १८८५ ते १९०२ या काळात तीन वेळा मिळून तेरा वर्षांहून अधिक काळ तो पंतप्रधान होता, आणि बहुतेक काळ परराष्ट्र खातेही त्याच्याच हाती. हॅटफील्डमध्ये त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती आणि घरात विजेचे दिवे लावणाऱ्या पहिल्या काही लोकांत तो होता. लोकशाहीबद्दल मात्र त्याला मनापासून भीती वाटे. मतदानाचा हक्क वाढवण्याच्या विरोधात १८६७ मध्ये त्याने मंत्रिपदाचा राजीनामा दिला होता.

आणि घराणेशाही? १९०० च्या मंत्रिमंडळाकडे पाहा. स्वतः पंतप्रधान, भाचा आर्थर बाल्फोर कॉमन्समध्ये पक्षाचा नेता, दुसरा भाचा जेराल्ड व्यापार खात्यावर, जावई लॉर्ड सेलबोर्न आरमारावर, थोरला मुलगा परराष्ट्र खात्यात उपमंत्री. लंडनमध्ये सिसिलांच्या जुन्या जागेवर नुकतेच 'हॉटेल सिसिल' उघडले होते. विरोधकांनी सरकारलाच ते नाव दिले.

भारताशी या घराण्याचा संबंध काय?

जवळचा आणि जड. जुलै १८६६ मध्ये सॅलिसबरी पहिल्यांदा भारतमंत्री झाला तेव्हा ओडिशात दुष्काळ पडला होता. त्याला इशारा मिळाला होता, पण दोन महिने त्याने काही केले नाही. तोवर पावसाळ्याने बंदरे बंद झाली. सुमारे दहा लाख माणसे मेली. आपण दोषमुक्त नाही हे पुढे त्याने स्वतः कबूल केले. ती कबुली प्रामाणिक होती असे मला वाटते, पण ओडिशातल्या कोणाचाही त्याने काही फायदा झाला नाही.

१८७४ मध्ये तो पुन्हा त्याच पदावर आला. लगेच बडोद्याचे प्रकरण उभे राहिले. रेसिडेंट, म्हणजे संस्थानातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअर याच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर ठेवला गेला. चौकशी मंडळात तीन इंग्रज होते आणि तीन भारतीय: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. तिघा इंग्रजांनी दोषी म्हटले, तिघा भारतीयांनी आरोप मान्य केला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केले गेले. लंडनमध्ये या खात्याचा धनी होता सॅलिसबरी. त्यानंतरच महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा दत्तक घेतला, आणि तो सयाजीराव झाला.

त्याच वर्षीच्या एका टिपणात सॅलिसबरीने लिहिले की भारताचे रक्त काढायचेच असेल तर जिथे ते साठलेले आहे तिथून काढावे, आधीच अशक्त झालेल्या शेतकऱ्यांकडून नव्हे. त्याचा रोख शेतसारा हलका करण्यावर होता. पण रक्त काढले जात आहे हे भारतमंत्र्याच्याच तोंडून आलेले, आणि दादाभाईंनी ते वाक्य आयुष्यभर सोडले नाही. सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणून भारतीय मुलांची वाट अरुंद करण्याचा निर्णयही त्याच्याच कारकिर्दीतला.

दादाभाईंबद्दल तो काय म्हणाला होता?

नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत पंतप्रधान सॅलिसबरी म्हणाला की एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही. रोख दादाभाईंवर होता. १८८६ मध्ये ते होबर्न मतदारसंघात हरले होते. या वाक्याचा परिणाम उलटा झाला. तोवर इंग्लंडमधल्या सामान्य मतदाराने दादाभाईंचे नावही ऐकलेले नव्हते, ते एका दिवसात घरोघरी पोचले. वृत्तपत्रांतून निषेध झाला, उदारमतवाद्यांनी त्यांच्या सन्मानार्थ कार्यक्रम केले. जुलै १८९२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनचा हा माजी प्राध्यापक सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून आला. त्याच निवडणुकीनंतर सॅलिसबरीला पायउतार व्हावे लागले. १८९५ मध्ये तो परतला तेव्हा दादाभाई हरले, पण सॅलिसबरीच्याच पक्षातर्फे मुंबईचे मंचेरजी भावनगरी निवडून आले होते.

विसाव्या शतकात घराणे संपले का?

नाही. सॅलिसबरीचा मुलगा रॉबर्ट पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाच्या शिल्पकारांपैकी एक, १९३७ चा शांततेचा नोबेल त्याला मिळाला. पाचव्या मार्क्वेसने १९४५ मध्ये एक संकेत घालून दिला: निवडणुकीच्या जाहीरनाम्यात दिलेले वचन हाऊस ऑफ लॉर्ड्सने रोखू नये. तो आजही सॅलिसबरी संकेत म्हणून पाळला जातो. १९५७ मध्ये पंतप्रधान ईडननंतर कोण, हे ठरवताना मंत्र्यांना एकेक करून बोलावून बटलर की मॅकमिलन असे विचारणाऱ्या दोघांपैकी एक तोच होता.

१९९८ मध्ये टोनी ब्लेअर वंशपरंपरागत उमरावांना लॉर्ड्समधून काढायला निघाले. तेव्हा लॉर्ड्समधला विरोधी पक्षाचा नेता होता याच घराण्याचा लॉर्ड क्रॅनबोर्न. पक्षप्रमुख विल्यम हेग यांना अंधारात ठेवून त्याने ब्लेअर यांच्याशी बोलणी केली आणि ९२ जागा राखून घेतल्या. हेग यांनी त्याला तत्काळ काढून टाकले. जागा मात्र राहिल्या. चारशे वर्षांपूर्वीच्या रॉबर्टने जेम्सशी जे केले त्याच जातीचे हे काम.

लंडनला गेल्यावर यातले काय पाहता येईल?

हॅटफील्ड. किंग्ज क्रॉसहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते आणि महालाचे फाटक स्टेशनच्या समोरच आहे. महालाशेजारी जुन्या राजवाड्याचा उरलेला भाग आहे, एलिझाबेथचे बालपण तिथलेच. सुमारे ३०,००० कागदांचे सिसिल दप्तर याच महालात आहे, पण ते पर्यटकांसाठी नाही. जवळच्या सेंट एथेलड्रेडा चर्चमध्ये पहिल्या रॉबर्टची कबर जरूर पाहा: वर संगमरवरी पुतळा, खाली संगमरवरी सांगाडा. बर्ली हाऊस आणि लॉर्ड बर्लीची कबर स्टॅमफर्डला आहे, त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागेल. दोन्ही महाल हिवाळ्यात बहुतांशी बंद असतात, तेव्हा तारखा पाहूनच तिकीट काढा.